डबलचा ठोका

शंभर पावलं, तीही जागच्या जागी, डोळ्यांवर ओढणी घट्ट बांधून. आवाज फक्त सिस्टर एव्हलिनच्या टाळीचा. टाळीवर पाय उचलायचा, टाळीवर टेकवायचा, आणि पायाखालच्या चुन्याच्या गोलातनं बाहेर जायचं नाही. ऐकायला काय, लई सोपं वाटतं. पण करून बघा एकदा! नववीच्या तेवीस पोरी उभ्या राहिल्या आणि शेवटची टाळी पडली तेव्हा कुणी जास्वंदीच्या कुंपणात, कुणी पाण्याच्या नळाशी, आणि मोहिनी तर थेट सिस्टरांच्या पोटावर जाऊन थडकली. ओढण्या सोडल्या, तर एकटी प्रतीक्षा आपल्या गोलात. अगदी मधोमध. गोलाची रेघ जशीच्या तशी.

"झालं," सिस्टर म्हणाल्या. "मोठा ढोल हिचा."

संत मोनिका कन्या शाळेत मोठा ढोल असाच दिला जातो, अगदी पहिल्या बँडपासनं. उंची बघत नाहीत, ताकद बघत नाहीत, कोणत्या घरची ते तर विचारतच नाहीत. जिचे पाय डोळे झाकून जागेवर राहतात तिचा ढोल. आणि यंदा शाळेला साठ वर्षं पुरी होणार. मैदानावर सहाशे पोरींचं संचलन, गावोगावच्या जुन्या विद्यार्थिनी येणार, पाहुणे येणार, आणि त्या सगळ्यांचे पाय प्रतीक्षाच्या ढोलावर पडणार! ती तर उड्याच मारायला लागली.

"घरी काय म्हणतील तुझ्या?" होस्टेलच्या पायरीवर मोहिनीनं विचारलं. ती भीमाशंकरच्या बाजूची, डोंगरातली. यंदा तिच्याकडं छोटा ढोल होता.

"काय म्हणतील? नाचतील!"

इथंच चुकली ती.

सिस्टरांनी सगळ्यांना एकेक कागद दिला. पालकांची सही चालणार नव्हती. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाची सही पाहिजे. कारण काही वर्षांपूर्वी एका पोरीचे आजोबा भर सरावातनं तिला हाताला धरून घेऊन गेले होते, म्हणे पोरीच्या जातीनं वाजवायचं नसतं. तेव्हापासनं हा नियम. कागद सोमवारी सकाळी द्यायचा. आणि रविवारी महाळुंग्याच्या घरी अख्खं घर गोळा होणार होतं, कारण दादाभाऊ आजोबांना जाऊन वर्ष झालं होतं.

रविवारी सगळं नीट पार पडलं. फोटोपुढं मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण झालं, पंचशील झालं, भंतेजी जेवून गेले. मांडवात पंगती उठल्या. प्रतीक्षानं आबांची खीर संपायची वाट बघितली. खीर खाल्ल्यावर आबा जरा मवाळ असतात हे तिला लहानपणापासनं माहीत.

आबा म्हणजे बाजीराव, दादाभाऊंचे धाकटे भाऊ. चौऱ्याहत्तर वय, पाठ अजून विजेच्या खांबासारखी. नोकरीच तसली होती ना, वायरमनची. दादाभाऊ गेल्यापासनं घरातला शब्द त्यांचा. त्यांनी चष्मा लावला, कागद लांब धरला आणि मोठ्यानं वाचायला लागले.

"बँडपथक. विद्यार्थिनीचं नाव, प्रतीक्षा राजरत्न. वाद्य..."

तिथं थांबले. कागद पालथा केला, वर पाण्याचा तांब्या ठेवला.

"ह्या घरात गळ्यात चामडं अडकवायचं बंद होऊन सदुसष्ट वरसं झाली," आबा म्हणाले. "आता पुन्यांदा न्हाई."

प्रतीक्षाचा बाप राजरत्न चपलेकडं बघायला लागला. पुण्याहून आलेला समाधानकाका, म्हणजे आबांचाच मुलगा, तेवढा हसला. "आबा, चामडं कुठं राहिलंय आता? फायबर असतं. पाण्यानं धुतलं तरी चालतं."

"तू गप रं. तुला ठावं हाय का काही?"

आणि आबांनी सांगितलं. हे घरात सगळ्यांना तुकड्या-तुकड्यानं माहीत होतं, पण आबांच्या तोंडून सगळं असं कधी निघालं नव्हतं. ते सहा वर्षांचे होते. गावकीचं काम बापाकडं, म्हणजे आबांच्या वडलांकडं. पाटलाच्या लग्नाची वरात निघाली, पुढं बाप हलगी घेऊन. दुपारी चालू झालं. थांब कुणी म्हणेना आणि थांब म्हटल्याशिवाय थांबायची सोय नव्हती. दिवस कलला. बापाची बोटं फुटली. त्यानं पटक्याची चिंधी फाडून बोटांना गुंडाळली आणि वाजवत राहिला. पोरगं मागनं चालत होतं, हलगीवरचे लाल ठिपके बघत.

"लोक म्हनत, काय वाजवतो गडी! आरं, त्यो वाजवत नव्हता. त्याला थांबता येत नव्हतं." आबांनी चष्मा काढला. "पुढच्या वरसाला आमी बुद्ध झालो. बापानं हलगी घोडनदीत नेऊन सोडली. एका बाजूनं मी धरली व्हती, एका बाजूनं दादानं. वाहून जाईस्तवर आमी उभं व्हतो तिथं. मंग मी खांबावर चढलो. ज्या गावांत बापानं वाजवलं त्या परत्येक गावात मी लाईट दिली. आन् आता माझ्याच घरची पोर ढोल बडवणार, ते पन पावण्यांम्होरं?"

प्रतीक्षाला वाटलं आपण काहीतरी लई वाईट मागितलं. खिरीची वाटी तिच्या हातात तशीच.

"आबा," तिची आई स्वप्ना पुढं झाली. तीही सिस्टरांच्याच शाळेची, नव्व्याण्णव सालची. "पण शाळेतला ढोल निराळा. तिथं कुणी हुकूम देत नाही. आमच्या वेळी..."

"ढोल त्यो ढोल, सूनबाई."

"बरोबर आहे आबांचं," समाधानकाका म्हणाला.

"भावजी! मघाशी तुम्हीच फायबर-फायबर करत होता!"

"मघाशी मी हे ऐकलं नव्हतं, वहिनी. आजोबांच्या बोटांचं मला कुणी सांगितलंच नव्हतं कधी." आणि खरंच, काकाचे डोळे ओले होते. "आणि कुणी व्हिडिओ टाकला, खाली कुणी घाणेरडं लिहिलं, तर? लोकांना काय, तेवढंच पाहिजे असतं."

"लोकांना घाबरून पोरींना घरात बसवायचं का मग?"

"मी कुठं म्हटलं घरात बसवा? बासरी घे म्हणावं. झांजा घे."

"बासरी!" स्वप्ना म्हणाली. "तेवीस जणींत पहिली आली आणि बासरी घेऊ दे? अहो, तुम्ही तरी बोला की!"

राजरत्ननं मान वर केली. एकदा बायकोकडं बघितलं, एकदा चुलत्याकडं. "आबा म्हणतील तसं," म्हणाला आणि पुन्हा चपलेकडं. स्वप्नानं त्याच्याकडं असं बघितलं की त्या चपलेत लपायला जागा असती तर तो लपला असता.

आणि मग स्वयंपाकघरातनं द्रौपदाआज्जी, दादाभाऊंची बायको, आली. पदराला हात पुसत. सगळं आतनं ऐकत होती ती, पण दाखवलं नाही. येऊन आबांच्या समोरच्या खुर्चीवर बसली, तांब्या उचलला, घटाघटा पाणी प्यायली. तांब्याखालचा कागद आता तिच्या मांडीवर.

"भावजी, एक इच्चारू? त्या ढोलाचं हाफ तिकीट काढलं व्हतं, ठावं हाय का तुमाला?"

"कशाचं?"

"मोठ्या ढोलाचं. आमच्या सिस्टर बेर्नादेतनी त्यो खडकीच्या बाजारात जुना घेतला आन् यष्टीत बसून आनला. शेजारच्या शीटवर ठेवलावता. कंडक्टर म्हनला, सिस्टर, शीट अडवलंय, तिकीट पडंल. सिस्टर म्हनल्या, बारा वर्षांच्या आतला हाय, हाफ द्या." आज्जी हसायला लागली. "त्यांनीच सांगितलेलं. कांद्याच्या चाळीत शाळा भरायची तवा. अकरा पोरी व्हत्या पहिल्या. एका रांजणातलं पानी प्यायच्या सगळ्या, म्हनून चार पोरींचे बाप त्यांना काढून घेऊन गेले. सिस्टर सायकलवर त्यांच्या मागं घरोघर! माझ्या माहेरी राजुरीला पन अशाच सायकलवर आल्या, मला न्यायला."

"वहिनी, शाळा चांगली हाय, मी कुठं न्हाई म्हनतो?"

"मी वाजवलाय त्यो ढोल."

प्रतीक्षाच्या हातातली वाटी खाली पडली. खरंच पडली, खीर सगळ्या सतरंजीवर. आणि कुणी रागावलंच नाही, कारण सगळे आज्जीकडं बघत होते.

"तीन वरसं," आज्जी म्हणाली. "आठवी ते धावी. डोळ्याला वढनी बांधली, शंभर पावलं मोजली. मी पन गोलातच व्हते."

आबांनी विचारलं, "दादाला ठावं व्हतं?"

"बघायला आले तवाच सांगितलं मी. म्हनलं, मागनं कळायला नगं. त्ये हसले. म्हनले, बाजीला तेवढं सांगू नगंस, त्याला लागंल. म्हनून पन्नास वरसं बोलले न्हाई मी. आज सांगते, कारन त्ये न्हाईत आन् ही पोर हाय." आज्जीनं राजरत्नच्या खिशातला पेन काढून घेतला. "सगळ्यात मोठ्या मानसाची सही पायजे म्हनं. वयानं तुमी मोठे. पन नात्यानं मी तुमची वहिनी. दिवाळीला पाया कोन कुनाच्या पडतं?"

दर दिवाळीला आबाच पडत होते, सगळ्या घरादेखत.

"मंग सही माझी." आणि आज्जीनं झोकात सही ठोकली. द्रौपदा दादाभाऊ. सिस्टरांच्या शाळेतलं वळण, एकेक अक्षर सरळ उभं.

"करा तुमी," आबा उठले. "मी येनार न्हाई बघायला."

"नका येऊ. पन आलात तर एकच बघा. डबल बघा. मंग काय बोलायचं ते बोला."

"काय डबल?"

आज्जीनं सांगितलं नाही. राजरत्न मात्र उठला, आबांच्या मागं मागं फाटकापर्यंत गेला आणि प्रतीक्षानं ऐकलं, तिचा बाप आयुष्यात पहिल्यांदा त्यांना म्हणत होता, "आबा, मी जानार हाय. पहिल्या रांगेत बसनार हाय." आबा वळले नाहीत.

*

तर संचलनाच्या दिवशी मैदान कसं दिसत होतं म्हणून सांगू! चुन्यानं आखलेल्या रेघा, पताका, पाचवीच्या पोरींच्या लाल रिबिनी, आणि मांडवात नऊवारीपासनं जीन्सपर्यंत जुन्या विद्यार्थिनी. कुणी नर्स, कुणी सरपंच, कुणी पोलीस. एकमेकींना बघून किंचाळत होत्या नुसत्या. द्रौपदाआज्जी पांढऱ्या साडीत, तिच्याशेजारी स्वप्ना, राजरत्न, आणि हो, समाधानकाकासुद्धा, मोबाईल हातात घेऊन. "मीच टाकणार व्हिडिओ," म्हणाला. "कुणी खाली काही लिहिलं तर मी बघतो त्याच्याकडं." त्यांच्या पलीकडं एक खुर्ची रिकामी.

प्रतीक्षा पट्टा अडकवून उभी होती. ढोल छातीपासनं मांडीपर्यंत. तिला रिकामी खुर्ची दिसत होती आणि तिला ती बघायची नव्हती.

"समोर बघ," मोहिनी कुजबुजली. "नाहीतर आज माझ्यासारखी सिस्टरांना धडकशील."

सिस्टर एव्हलिननी हात वर केला. आणि पडला ठोका!

धम्. धम्. धम्. छोटे ढोल तडतडले, बासऱ्या उठल्या, आणि सहाशे उजवे पाय एकदम जमिनीवर. धूळ उडाली. प्रतीक्षाच्या पोटात ठोका, पायात ठोका, दातात ठोका. पहिल्या वळणावर तिला फाटक दिसलं. फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, काखेत छत्री धरून एक ताठ माणूस उभा. आबा! आत आले नव्हते. पण आले होते. ठोका जराही हलला नाही तिचा. मोहिनीनं नंतर शपथेवर सांगितलं.

नियम असा होता. दोन फेऱ्या झाल्या की झेंड्यासमोर पांढरी रेघ. तिथं मोठ्या ढोलानं डबल द्यायचा, म्हणजे लागोपाठ दोन जोरात ठोके. डबल पडला की वाजवणं बंद, पाय बंद, सगळं बंद, मोठ्या ढोलाचा सुटीचा एक ठोका पडेपर्यंत. डबल फक्त मोठा ढोल देतो. शाळेत कुणालाच, अगदी मोठ्या सिस्टरांनासुद्धा, मध्येच ढोल थांबवता येत नाही, आणि डबल पडल्यावर चालू ठेवता येत नाही. ही सिस्टर बेर्नादेतची शिस्त, सायकलवरच्या.

पण गंमत अशी झाली की दोन्ही फेऱ्यांत प्रमुख पाहुण्यांचा फोन चालू. साहेब मोठे, फोनही मोठाच असणार. फोन संपला तेव्हा बँड रेघेपासनं वीस पावलांवर. पाहुण्यांबरोबर आलेला सफारीतला माणूस पळत आला आणि प्रतीक्षाच्या बाजूनं उलटा चालायला लागला.

"ए पोरी, थांबायचं नाही हां! अजून एक राउंड. साहेबांचा मानवंदनेचा व्हिडिओ राहिलाय."

धम्. धम्. पंधरा पावलं.

"ऐकू येतंय ना? वाजवत राहायचं. मी सांगेन तेव्हा थांबायचं."

मी सांगेन तेव्हा. प्रतीक्षाच्या डोळ्यांसमोर एकदम एक चिंधी आली. कधी न बघितलेली, पटक्याची, बोटांना गुंडाळलेली. सिस्टर लांब मंचावर. माणूस मोठा, समोर हात हलवतोय, वाजव वाजव. मागं पाचवीच्या चिमुरड्या, उन्हात लाल झालेल्या. दहा पावलं. पाच. मोहिनी तिच्याकडं बघत होती, आता काय?

रेघ आली.

धाड-धाड!

सहाशे पाय जमिनीत रुतल्यासारखे थांबले. बासऱ्या बंद. रिबिनी बंद. अख्ख्या मैदानात फक्त तो माणूस हलत होता, हात हलवत, दोन पावलं मागं जाऊन एकटाच.

"अगं, तुला सांगितलं ना! वाजव!"

प्रतीक्षानं टिपरी छातीशी धरली आणि समोर बघत राहिली. पाय रेघेवर, जागच्या जागी.

मंचावर माईक खरखरला. सिस्टर एव्हलिनचा आवाज आला, अगदी शांत, प्रार्थनेला बोलावतात तसा. "भाऊ, डबल पडला आहे. आमच्याकडे डबलनंतर कुणी वाजवत नाही. आपण आता बाजूला व्हावं."

मांडवातनं पहिली टाळी कुणाची माहितीये? द्रौपदाआज्जीची. मग राजरत्न खुर्चीवर चढून टाळ्या वाजवायला लागला. चढूनच! मग नर्स, सरपंच, पोलीस, नऊवाऱ्या, जीन्स, सगळा मांडव उभा. प्रमुख पाहुण्यांनी इकडंतिकडं बघितलं, फोन खिशात टाकला आणि बिचारे तेही उठून उभे राहिले.

प्रतीक्षानं सुटीचा एक ठोका दिला आणि संचलन मोडलं. पोरी चिवड्याच्या टेबलाकडं सुटल्या. प्रतीक्षाला पट्टा काढता येईना, बोटंच वळत नव्हती. तेवढ्यात मैदानातनं एक छत्री तिच्याकडं यायला लागली. फाटकातनं आत, चुन्याच्या रेघा ओलांडत, अगदी सरळ. मागं आज्जी, स्वप्ना, सगळे धावत.

आबा समोर उभे राहिले. ढोलाकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"त्यो बाबा काय सांगत व्हता तुला?"

"वाजवत राहा म्हणत होता."

"मंग थांब कुनी म्हनलं?"

"कुणी नाय, आबा. रेघ आली, मी थांबले."

आबा एक पाऊल पुढं आले. "थांबली," म्हणाले. मग वळून आज्जीकडं बघून मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "वहिनी, बगितलं का? पोरगी आपल्या मनानं थांबली!"

"मी काय म्हनलं व्हतं? डबल बघा."

आबांनी छत्री समाधानकाकाच्या हातात दिली. दोन्ही तळवे ढोलाच्या कडेला लावले, अगदी हळू, तापल्या भांड्याला लावावेत तसे. "गुळगुळीत हाय," म्हणाले. मग, "त्यो डबल पुन्यांदा दाव बरं. लांबनं नीट दिसला न्हाई."

प्रतीक्षानं काही विचारच केला नाही. टिपरी उचलली आणि दिला. धाड-धाड!

आणि अख्खं मैदान थांबलं! चिवड्याच्या रांगेतल्या पोरी, नळावर ओंजळ धरलेल्या पोरी, एक पाचवीची तर पेढा तोंडात अर्धा घालून तशीच पुतळा. सहाशेच्या सहाशे. मोहिनीच्या ग्लासातलं सरबत सांडत होतं, तरी ती हलली नाही.

आबांनी सगळीकडं मान फिरवली. या टोकापासनं त्या टोकापर्यंत. त्यांचं तोंड उघडंच.

"आगं... आता ह्यास्नी हलू कोन द्यायचं?"

"मीच, आबा."

"मंग दे की!" आबा ओरडले, आणि हसत होते, डोळे पुसत होते, पुन्हा हसत होते. "दे, पोरींचा चिवडा खोळंबलाय!"

प्रतीक्षानं टिपरी वर नेली.